गुडघ्याची पुडी

औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट स्वतः हजर असल्याशिवाय साधी गोळीसुद्धा गिऱ्हाइकाच्या हाती पडता कामा नये, असा कायदा आहे; आणि बाजाराच्या गावातलं ते दुकान हा कायदा वर्षानुवर्षं निष्ठेने पाळत आलं होतं. दुकान उघडण्याआधीपासून ते बंद झाल्यानंतरपर्यंत फार्मासिस्ट तिथे हजर असे. सुट्टी नाही, आजारपण नाही, माहेरपण नाही. गल्ल्याच्या वर, काचेच्या फ्रेममध्ये, दोन वेण्या घालून, फोटोग्राफरने हलू नका म्हटल्यासारखे डोळे ताणून ती बसलेली असे. फोटोखाली तिचं सर्टिफिकेट होतं.

खरी फार्मासिस्ट तिथून बसने तासाभराच्या अंतरावर मिरची तोडत होती.

डिप्लोमा झाला त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सून शिकलेली मिळाली म्हणून सासरी कौतुक झालं आणि शिकलेली सून चारचौघांसमोर दुकानात उभी राहणार नाही, हेही त्याच कौतुकात ठरलं. सर्टिफिकेट ट्रंकेत साड्यांखाली गेलं. पुढे नवऱ्याच्या एका वर्गमित्राने औषधाचं दुकान काढलं. त्याच्याकडे जागा होती, फ्रीज होता, काउंटर होता, वरच्या मजल्यावर डॉक्टर होता. सर्टिफिकेट तेवढं नव्हतं. मग सर्टिफिकेट कामाला लागलं आणि बाई घरी राहिली. त्याच्या भाड्यातून शेतात ठिबकच्या नळ्या आल्या. मिरची तरारून आली की सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "सुनेचं शिक्षण वाया नाही गेलं बरं. मिरचीला लागलं."

या वर्गमित्राला सगळे कात्री म्हणत. गोळ्यांची अख्खी पट्टी तो सहसा देत नसे. कात्रीने कापून दोन द्यायचा, चार द्यायचा, आणि कापायचा अशा बेताने की औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा दुकानातच राहावा.

त्या वर्षी तोडणीच्या बायका मिळेनात. दूरच्या मोठ्या शेतांवरून गाड्या यायच्या आणि भल्या पहाटे अख्खी वस्ती भरून न्यायच्या. मिरची तर थांबायला तयार नाही. आज हिरवी असलेली परवा शेंड्याला लाल, की व्यापारी पोतं नुसतं हाताने चाचपून बाजूला सारायचा. मग घरचीच तिघं तोडायला लागली. वाकून वाकून नवऱ्याची कंबर धरली. सुनेच्या बोटांची आग रात्रभर थांबेना. तेल लावलं, राख चोळली, ताकात हात बुडवून बसली, सगळं करून झालं. घाम पुसायचा तो दंडाने, डोळ्याला हात लावायचा नाही, एवढं मात्र अंगवळणी पडलं.

सगळ्यांच्या पुढे असायची ती सासू. दोन वर्षांमागे हीच बाई भिंतीला धरून उठायची आणि उठताना सगळ्या जगाला नावं ठेवायची. गुडघे गेले, आता आम्हीही जाणार, असं चाललं होतं. मग कात्रीच्या वरच्या डॉक्टरने पुडी सुरू केली. कागदाची पुडी, आत तीन तऱ्हेच्या सुट्या गोळ्या, नाव-गाव काही नाही. चौथ्या दिवशी सासू उकिडवी बसली आणि आठवड्याने शेतात गेली. आता ती दोन सरींमध्ये बसून सरकत सरकत अशी पुढे जाई की मुलगा आणि सून मागच्या मागे. भूकही सपाटून लागायची. चेहरा भरला, गाल वर आले, हनुवटीखाली मऊ वळी पडली. शेजारणी म्हणायच्या, सुनेच्या हातचं मानवलं हो तुम्हाला. सून खाली मान घालायची. पण ऐकायला तिला बरं वाटायचं. इतकं बरं वाटायचं की ते वाक्य कुणी बोललं नाही, तर ती सासूला जरा उजेडात बसवायची.

औषध खात्याचे इन्स्पेक्टर न सांगता तपासणीला येतात. ते न सांगता कधी येणार, हे मात्र सगळ्या दुकानांना आदल्या दिवशी कळतं. कात्रीचा फोन आला तेव्हा सून सरीत होती. फोन नवऱ्याने घेतला, हो हो म्हणाला, आणि ठेवल्यावर तिच्याकडे न बघता सांगितलं की उद्या एक दिवस तिला दुकानात जाऊन बसावं लागेल. बसायचंच आहे फक्त, तो म्हणाला. जणू ती दुकानात जाऊन नाचेल अशी कुणाला भीती होती.

सकाळी ती लग्नानंतर घेतलेली त्यातल्या त्यात बरी साडी नेसली. हात साबणाने चोळून चोळून धुतले. नखांच्या कडेची हिरवट काळी रेघ गेली नाही. सासूने जाताना आठवण करून दिली: जातेच आहेस तर माझी पुडी घेऊन ये, संपत आलीय.

कात्री एरवी तिला वहिनी म्हणायचा. त्या दिवशी दुकानाच्या पायरीवरच म्हणाला, "या मॅडम." आत नेऊन त्याने तिला पांढरा कोट दिला. कोट वरच्या डॉक्टरचा होता. बाह्या बोटांच्या पुढे जात होत्या आणि खिशावर निळ्या दोऱ्याने डॉक्टरचं नाव काढलेलं होतं. नावावर कात्रीने रुमालाची घडी अडकवली. मग कुठल्या कप्प्यात काय आहे ते भरभर दाखवलं. फ्रीज इथे, खोकल्याचं तिथे, मुदत संपलेली औषधं नव्हतीच आपल्याकडे कधी, ती काल रात्री काढली.

तेवढ्यात एक म्हातारे गिऱ्हाईक आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, वर फ्रेमकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि काउंटरला धरून उभे राहिले.

"तुम्ही... आहात होय?" ते म्हणाले. "आम्ही आपले समजत होतो की..."

काय समजत होते ते त्यांनी सांगितलं नाही. ते गेल्यावर कात्रीने खुलासा केला. बऱ्याच लोकांना वाटायचं की फोटोतली मुलगी त्याची बहीण, लहानपणीच गेलेली. तोही कधी दुरुस्त करायच्या भानगडीत पडला नव्हता. लोक हळहळायचे, उधारी जरा लवकर द्यायचे.

गाडी कोपऱ्यावर वळली असं समोरच्या टपरीवाल्याने हाताने खुणावलं. कात्रीने काउंटरखालून बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा ओढून काढला, इकडे तिकडे पाहिलं, आणि ठेवायला जागा न सुचून तिच्या स्टुलाखाली सरकवला. डबा उंच होता, स्टूल बुटकं. झाकण नीट लागेना म्हणून त्याने ते दाबलं, तर ते उलट निसटलं आणि आतल्या पुड्या दिसल्या. तशाच. त्याच कागदाच्या, त्याच घडीच्या. पुड्यांच्या बाजूला प्लास्टिकच्या पिशव्यांत सुट्या गोळ्या, हजारांनी. एक पिवळी, एक गुलाबी आणि एक मसुराच्या डाळीएवढी पांढरी, मधोमध रेघ असलेली.

पांढऱ्या गोळीच्या पिशवीवर अजून कंपनीची चिठ्ठी होती. सुनेने ती वाचली. मग पुन्हा वाचली. स्टेरॉइड.

कॉलेजच्या पुस्तकात एक चित्र होतं. अर्ध्या पानाचं, काळं-पांढरं. गोल, फुगीर, चंद्रासारख्या चेहऱ्याची एक बाई, डोळ्यांवर काळी पट्टी. खाली लिहिलेलं: स्टेरॉइडच्या अतिवापराने येणारी चेहऱ्याची सूज. परीक्षेला हमखास येणारं चित्र, म्हणून तिने ते तालुक्याच्या बसमध्ये उभ्याने पाठ केलं होतं. काळी पट्टी काढली तर ती बाई तिच्या घरात राहत होती, तिच्या हातचं जेवत होती, आणि त्या बाईला सून दोन वर्षं उजेडात बसवत होती.

हात आपोआप डोळ्यांकडे गेला. नको तेव्हाच गेला. डोळ्यांत मिरची गेली.

कात्रीने झाकण दाबलं, म्हणाला, मॅडम, बसा. ती बसली. झाकण खाली करकरलं.

इन्स्पेक्टर वयस्कर, सौम्य, घामेजलेला, थकलेला माणूस होता. त्याने फ्रेममधला फोटो पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकही गळत होतं, आणि पुसायला हात वापरायची सोय नव्हती. तब्येत बरी नाही का, त्याने विचारलं. ती मिरची म्हणणार, तोच कात्री म्हणाला, धुळीची ॲलर्जी आहे मॅडमना, तरी येतात, एक दिवस खाडा नाही. इन्स्पेक्टरने मान हलवली. फ्रीज पाहिला, थर्मामीटर पाहिला, दोन-चार कप्पे उघडून बंद केले. त्याचं काम संपत आलं होतं. पण खऱ्याखुऱ्या फार्मासिस्टशी बोलण्याची संधी त्याला त्या भागात फारशी मिळत नसावी, कारण तो काउंटरला टेकला आणि मास्तरसारखं हसला.

"या भागात स्टेरॉइड सुटं विकतात अशा तक्रारी आहेत," तो म्हणाला. "तुम्हाला विचारतो, मॅडम. पेशंट रोज घेतोय, दोन-दोन वर्षं. आणि एक दिवस एकदम बंद केलं. काय होईल?"

कात्री फ्रीजचा दरवाजा पुसत होता.

सुनेने उत्तर दिलं. तिला थांबताच आलं नाही. इतक्या वर्षांत तिला तिच्या विषयातलं कुणी काही विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीरातली ग्रंथी स्वतःचं काम सोडून देते. एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस बेशुद्ध पडतो, दगावूही शकतो. म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडं थोडं कमी करत आणावं लागतं, आठवडे, कधी महिने. ती बोलत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"अशी माणसं पाहिजेत या धंद्यात," इन्स्पेक्टर कात्रीला म्हणाला. "जपा यांना."

जपतोच, कात्री म्हणाला. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तेव्हा सून उठली. डब्याच्या झाकणाला मधोमध खळगा पडला होता.

तिने बोलायला तोंड उघडण्याआधीच कात्रीने हात जोडले. म्हणाला, सगळेच ठेवतात, वहिनी. वरचा डॉक्टर लिहितो, मी बांधतो. नाही दिलं तर पुढच्या चौकात देतात, आणि तिथे फार्मासिस्टही नाही. हे तो इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला की तिला क्षणभर आपण असल्याचा फायदा काय, हे विचारायचंही सुचलं नाही. तिने कोट काढून घडी घातली. निघताना सासूची पुडी घेतली. घ्यावीच लागली. आत्ताच तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, एकदम बंद करता येत नाही.

घरी आली तेव्हा सासू ओट्यावर पाय पसरून दिवसाची मिरची निवडत होती. सुनेने पहिल्यांदा तिच्याकडे पुस्तकात बघावं तसं बघितलं. गाल गोल, पण दंड काटकुळे. हातांवर जागोजाग जांभळे डाग. ते मिरचीच्या काट्यांनी पडतात असं घरात ठरलं होतं. मिरचीला काटे नसतात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फार्मासिस्टच्याही.

तिने सांगायला सुरुवात केली. नीट, हळू, घाबरणार नाही अशा बेताने. सासूने मिरची निवडणं थांबवलं नाही. ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुझ्या दुकानात विष विकतात असं म्हणतेस?"

"माझं दुकान नाही ते, आई."

"भिंतीवरच्या कागदावर नाव कुणाचं आहे मग?" सासू म्हणाली. "मी शाळा शिकलेली नाही. दहा ठिकाणच्या गोळ्या टाळल्या मी. या घेतल्या, कारण वर तुझा फोटो होता."

सून चुलीपाशी गेली आणि बराच वेळ एकच भांडं घासत राहिली. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी चिडला, कात्रीवर, मग डॉक्टरवर, मग जरासा तिच्यावर: इतकी शिकलीस, तुझ्या कधी लक्षात नाही आलं? त्यालाही ते बोलल्यावर नळ्या आठवल्या असाव्यात, कारण तो उठून बाहेर गेला. सर्टिफिकेट परत आणा, ती म्हणाली. आणू, तो म्हणाला, तोडा झाल्यावर. आईला सरकारी दवाखान्यात नेऊ या, ती म्हणाली. नेऊ, तोडा झाल्यावर. या एका गोष्टीत मात्र तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सासूला घेऊन बसमध्ये बसली.

सरकारी दवाखान्यात रांग व्हरांड्यातून पायऱ्यांपर्यंत होती. डॉक्टरीण तरुण होती, सकाळपासून पाणीही प्यायली नसेल असा चेहरा. तिने सासूच्या गालाला एकदा बोट लावलं, पोटरी दाबून पाहिली, रक्तदाब घेतला, आणि विचारलं, कुठली गोळी चालू आहे, कुणी दिली.

सून सांगणार होती. पण सासूला शहाण्या माणसांसमोर सुनेचं कौतुक करायची सवय होती.

"बाहेरचं काही नाही हो," ती म्हणाली. "आमच्या सुनेच्याच दुकानातली आहे. ती शिकलेली आहे त्यातलं."

डॉक्टरणीने सुनेकडे पाहिलं. काय शिकलात, असं विचारलं. सुनेने सांगितलं. डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं आणि मग परत उचललं, कारण मागे रांग होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त कागदावर नीट लिहून दिलं: इतके दिवस एक, मग पाऊण, मग अर्धी, मग पाव, दर वेळी येऊन दाखवायचं. आणि मान वर न करता म्हणाली, दुकानाची तक्रार करायला हवी, तुम्हाला माहीतच असेल कुठे करायची ते. सुनेला माहीत होतं. तक्रारीत दुकानाची जबाबदार व्यक्ती म्हणून कुणाचं नाव येईल, हेही माहीत होतं. परतीच्या बसमध्ये तिने दोन-तीनदा मनात मजकूर जुळवला. प्रत्येक वेळी आरोपीच्या जागी दोन वेण्यांची मुलगी येऊन बसायची, डोळे ताणून.

दवाखान्यात ती गोळी शिल्लक नव्हती. म्हणून वाटेत उतरून तिला कात्रीकडेच जावं लागलं. तिने अख्खी पट्टी मागितली, नाव-तारखेसकट. कात्रीने काउंटरवर हात ठेवले आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, डॉक्टरांची चिठ्ठी आहे का. तपासणीनंतर तो फार काटेकोर झाला होता. त्या दुकानात चिठ्ठी मागितली गेलेली ती पहिली बाई.

मग गोळी कमी करण्याचे दिवस सुरू झाले. सून रोज सकाळी पाटावर गोळी ठेवून भाजीच्या सुरीने रेघेवर कापायची. पाऊण करणं अवघड जाई. भुगा व्हायचा, तो ती बोटाने टिपून सासूच्या जिभेवर द्यायची. गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर, स्वतःच्या ताब्यात.

पाऊण होती तोवर निभावलं. अर्धीवर आली आणि सासू खाली आली. सांधे पेटले. सकाळी उठवत नसे. सून एका काखेत आणि नवरा दुसऱ्या काखेत हात घालून तिला परसाकडे न्यायची. तिथे मुलाने पाठ फिरवून उभं राहायचं आणि सासूने रडायचं, दुखण्याने कमी आणि मुलगा उभा आहे म्हणून जास्त. दिवसभर ती बांधावर झाडाच्या सावलीला आडवी असायची आणि मिरची लाल होताना बघायची. तिची सरी रिकामी. नवरा दोघांचं तोडायचा प्रयत्न करी, मग पोत्यावर बसून राही. एकदा तो म्हणाला, "तोडा संपेपर्यंत पूर्ण गोळी दिली असती तर चाललं नसतं का?" आणि म्हटल्याबरोबर त्याने असं तोंड फिरवलं, जणू ते दुसऱ्याच कुणी म्हटलं होतं. सुनेनेही ऐकलं नाही असं दाखवलं. खरं म्हणजे तोच विचार तिच्याही मनात सकाळी, सुरी हातात असताना, येऊन गेला होता.

शेजारणी आता म्हणायच्या, फार उतरल्या हो तुम्ही. काही आबाळ होते का?

आणि मग सासू बरी झाली. हळूहळू नाही, एका सकाळी ती कुणाला हाक न मारता उठली, स्वतःची स्वतः तोंड धुऊन आली आणि टोपली घेऊन शेताकडे चालू लागली. नवरा बघत राहिला. सासू दोन सरींमध्ये बसली, सरकली, आणि जरा वेळाने नेहमीसारखी त्यांच्या पुढे निघून गेली. सुनेला भरून आलं. कमी करत आणलं की शरीर पुन्हा स्वतःचं काम सुरू करतं, हे पुस्तकात होतं. पण पुस्तकातलं आपल्या शेतात घडताना बघणं वेगळं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं की आपण शिकलो होतो. संध्याकाळी तिने नवऱ्याला परत सर्टिफिकेटचं विचारलं, आणि तो या वेळी जातो म्हणाला, खरंच जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावर भाकरी खाताना सासूने कमरेची पिशवी सोडली, त्यातून कागदाची पुडी काढली, तिन्ही गोळ्या जिभेवर टाकल्या आणि पाणी प्यायली. लपवलं काहीच नाही. सुनेच्या हातातला घास तसाच राहिला. ही कुठली, तिने विचारलं. सासूने सांगितलं, दूधवाल्याच्या पोराबरोबर तुझ्या दुकानातून मागवली. तुझ्या अर्धीने मला काही पुरत नव्हतं, आणि तू म्हणालीस ना, गोळी एकदम तोडायची नसते, मग मी तुझीही घेते, हीही घेते. तुझं मन कशाला मोडू.

"पैसे पण घेतले नाहीत त्या पोराने," सासू म्हणाली. "म्हणाला, आजी, दुकान तुमच्या सुनेचंच आहे."

त्यांत ती पांढरी गोळी होती, मधोमध रेघ, पूर्ण. सकाळची अर्धी सुनेने स्वतःच्या हाताने कापून दिलेली होती. म्हणजे इतके दिवस कमी करत आणलेली गोळी आता पूर्वीपेक्षा अर्ध्याने जास्त झाली होती.